रक्तातले दुखणे आणि बोलण्याचा उपचार

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या भावास वर्षभर खिन्नतेच्या विकाराने ग्रासले आहे. झोप नाही, अन्नावर वासना नाही, कामावर जाणेही सुटले. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे जावयास सांगितले; परंतु घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "आजीलाही हेच होते. जे रक्तातच आहे ते बोलून कसे जाणार?" हे बोल आम्ही आमच्या गावांतूनही पुष्कळदा ऐकले आहेत, म्हणून उत्तर खाजगी पत्राने न देता येथेच देत आहोत.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हे. आईबाप वा सख्खे भावंड या विकाराने पीडित असल्यास तो होण्याचा संभव दोनतीन पटींनी वाढतो. जुळ्या भावंडांच्या पाहण्यांवरून असे दिसते की, या विकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यात एकतृतीयांशाहून थोडा अधिक वाटा अनुवंशाचा असतो. मात्र दुखणे वारशाने येणे निराळे आणि त्यावर उपाय न चालणे निराळे. बापाकडून अधू दृष्टी आली म्हणून मुलास चष्मा लागू पडत नाही, असे कोणी म्हणत नाही!

उलट, बोलण्याच्या उपचाराने कोण बरा होतो हेही अनुवंशावर अवलंबून असेल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनीच विचारला. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील थेलिया इली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली चिंताविकाराच्या ५८४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. या मुलांना औषध नव्हे, तर विचार व वर्तन बदलण्याचे शिक्षण दिले होते. सेरोटोनिन नावाच्या मेंदूतील द्रव्याशी संबंधित एका जनुकाचे आखूड रूप ज्यांना आई व बाप या दोघांकडून मिळाले होते, ती मुले इतरांपेक्षा अधिक संख्येने बरी झाली. मोठा गाजावाजा झाला. पुढे अधिक मुलांवर पडताळा घेतला, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. २०१६ साली ९८० मुलांची सारी जनुके धुंडाळली. निर्णायक असे एकही सापडले नाही. शास्त्राने स्वतःचे म्हणणे असे तपासून मागे घ्यावे, हे आम्हांस त्याचे भूषणच वाटते.

त्याच वर्षीची आणखी एक पाहणी मात्र विचार करावयास लावणारी आहे. तिच्यात एका जनुकाऐवजी अनेक जनुकांची बेरीज करून कोणती मुले परिस्थितीने अधिक हेलावतात हे ठरविले. अशा हळव्या मुलांपैकी एकेकट्याने सविस्तर उपचार मिळालेली सुमारे ७१ टक्के बरी झाली. गटात बसविलेली सुमारे ५६, आणि आईबापांमार्फत थोडक्यात उरकलेली ४२ टक्के. कमी हळव्या मुलांना मात्र कोणतीही पद्धत सारखीच. आमच्या बागायतदार वाचकांस हे नवे वाटू नये. बाभूळ कोठेही वाढते. पानवेलीस सावली, पाणी, आधार सारे लागते, पण ते मिळाले की ती मांडवभर पसरते. हा निष्कर्षही अद्याप पक्का झालेला नाही. तथापि "रक्तातच आहे" या वाक्याचा अर्थ घरी समजतात त्याच्या अगदी उलटही असू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

ही झाली मुलांची गोष्ट, तीही परदेशातील. प्रौढांचा दाखला गोव्याचा आहे. तेथील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र खिन्नतेच्या ४९५ रुग्णांवर प्रयोग केला; तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाशी बोलत आणि सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती धरावयास लावीत. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण सावरले होते; केवळ केंद्रातील नेहमीची देखभाल मिळालेल्यांत ३९ टक्के. उरलेल्या ३६ टक्क्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. औषध कोणास आणि बोलणे कोणास अधिक लागू पडेल, हे आधी ओळखण्यासाठी इंदूरपासून फार दूर नसलेल्या भोपाळात एक प्रयोग योजण्यात आला आहे.

तूर्त हे सांगणारी रक्ताची वा थुंकीची कोणतीही भरवशाची चाचणी नाही. कोणी तशी विकू लागल्यास पैसे देऊ नयेत. म्हणून, भगिनी, भावास प्रथम घेऊन जावे. सहाआठ भेटींनी उतार न पडल्यास डॉक्टरांना तसे सांगून उपाय बदलून घ्यावा. एक उपाय चुकला म्हणजे सारे संपले, असे नव्हे. जीव नकोसा झाल्याचे त्याने कधी बोलून दाखविल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा अहोरात्र व विनामूल्य चालतो. तेथे मराठीतूनही बोलता येते. आणि आजीचे दुखणे डॉक्टरांपासून लपवू नये. ते केव्हा सुरू झाले, किती काळ टिकले, ती कशाने सावरली, हे घरातील जाणत्यांना विचारून कागदावर लिहून न्यावे.