पोरांसाठीच लिहिलेले

तेत्सुओ किंजो यांचे नाव निघताच आमचे समीक्षक ‘पोरांच्या मालिका’ म्हणून हात झटकतात. १९६६ च्या ‘अल्ट्रामॅन’चे हे प्रमुख पटकथाकार मूळचे ओकिनावाचे, १९७२ पर्यंत ती बेटे अमेरिकी अंमलाखाली होती. १९६८ मध्ये ‘अल्ट्रासेव्हन’च्या एका भागात त्यांनी समुद्रतळावरील नॉनमाल्टांना पृथ्वीचे मूळ रहिवासी असल्याचा दावा करायला लावले, आणि मानवी रक्षक दलाकडून त्यांचे नगर उद्ध्वस्त करवले. नायक संभ्रमात, दलप्रमुख विजयाच्या घोषणेत दंग! यात केवळ ओकिनावाचे रूपक पाहणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. त्या वाचनात अपराधी कोणीतरी दूरचा ठरतो, आणि वीरासाठी टाळ्या पिटणारा प्रेक्षक अलगद सुटतो. किंजोंनी नेमके त्यालाच, तेही बालवयात, कोंडीत पकडले होते. वर्षभरातच, १९६९ मध्ये, ते ओकिनावाला परतले; १९७६ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी गेले.