पत्रिका आणि दवाखान्याचा कागद

गेल्या मार्गशीर्षांत इंदापूरचे आमचे एक स्नेही सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या चिंतेंत होते. दिवस भरून चार दिवस उलटले, तरी आवी सुरू होईनात. (प्रसववेदनांस आयुर्वेदांत 'आवी' म्हणतात, इतका सुटसुटीत शब्द मराठींत रुळला नाहीं याचें आम्हांस वाईट वाटतें.) शेजारच्या सुनेस दवाखान्यांत गोळी देऊन कळा आणविल्या होत्या, हिला मात्र डॉक्टरीणबाईंनीं ती नाकारली. सासूबाईंस राग आला.

तो अस्थानीं होता. गर्भाशयाचें मुख एरवीं नाकाच्या शेंड्यासारखें घट्ट असतें. प्रसूतीपूर्वीं तें ओठासारखें मऊ व्हावें लागतें. हें आपण होऊन न घडल्यास डायनोप्रोस्टोनचें जेल किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात. त्यांनीं तेथील तंतूंची वीण सैल होते. जेल फ्रिजमध्यें जपावें लागतें, गोळीस त्याची गरज नाहीं. नागपुरांतील दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींचा अभ्यास झाला, तो 2017 सालीं प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेल्यांपैकीं शेकडा 57 जणी चोवीस तासांत नैसर्गिक मार्गानें प्रसूत झाल्या. नळीच्या टोकाचा फुगा वापरलेल्यांत शेकडा 47. मात्र तेथील एक मात्रा 25 मायक्रोग्रॅमची. 200 मायक्रोग्रॅमची जी गोळी सर्रास मिळते, तींत आठपट औषध असतें. शेजारणीकडची उरलेली गोळी मागून आणण्याचा विचारहि कोणीं मनांत आणूं नये.

या औषधानें कळा इतक्या जोरकस होऊं शकतात, कीं पूर्वींच्या शस्त्रक्रियेचा व्रण उसवून माता व मूल दोघांचाहि जीव संकटांत येतो. या सुनेचें पहिलें बाळंतपण शस्त्रक्रियेनेंच झालें होतें, बारामतीस, माहेरीं. पोटावरचा व्रण दिसत होता. परंतु आंत गर्भाशयावरील छेद आडवा कीं उभा, हें तो सांगत नाहीं. सांगणारा कागद माहेरच्या कपाटांत! पहिलें माहेरीं, दुसरें सासरीं, अशी रीत पुष्कळ घरांत आहे. कागद मात्र मुलीबरोबर परत येत नाहीं. तिची जन्मपत्रिका तेवढी या घरांत रेशमी रुमालांत होती.

भावानें रात्रीच कागद आणून दिला. छेद आडवा निघाला. तरीहि बाईंनीं गोळी दिली नाहींच. बाळाचे ठोके तपासत आणखी एक दिवस वाट पाहिली. पहाटे कळा आल्या, मुलगी झाली. तो कागद सासूबाईंनीं आतां पत्रिकेच्याच रुमालांत ठेविला आहे, असें स्नेही कळवितात.