दहा मिलिमीटरचा मोह

परवाच्या शनिवारी आमचा एक दोस्त सेकंडहँड मर्सिडीज घेऊन दारात हजर! जुनी सी-क्लास, मागे 'कोम्प्रेसर' असा बिल्ला. म्हणजे सुपरचार्जरवाली. हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा, आणि तो फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. "चल, खोडदची दुर्बीण बघून येऊ," म्हणाला.

नाशिक रोडनं चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं, तरी साहेबांचं एकच पालुपद. पंख्याची पुली बदलायची. बोनस आलाय, ऑर्डर तयार आहे, फक्त बटण दाबायचं बाकी.

हिशेब सोपा आहे, मंडळी. समजा इंजिनाची पुली 150 मिलिमीटरची आणि पंख्याची 75. इंजिन 6000 फेरे घेईल तेव्हा पंखा घेणार 12000. आता 75 ची 65 केली, की तोच पंखा 13800 च्या वर! फरक फक्त 10 मिलिमीटरचा, पण वेग 15 टक्क्यांनी जास्त. कोणाला मोह होणार नाही?

खोडदला चहा प्यायला थांबलो, तर शेजारीच पिठाची गिरणी. गिरणीवाल्या काकांना मी सहज विचारलं, "काका, जात्याची पुली छोटी केली तर?"

"जातं पळंल की! पण पीठ गरम येतंय. पट्टा बी घसरतोय, छोट्या पुलीला धरायला जागाच नसती. मोटारीवर लोड येतो तो निराळाच."

दोस्ताचा कप हातातच राहिला. कारण गाडीतही डिट्टो हेच होतं. हवा जितकी जास्त दाबाल, तितकी ती तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कमावलेलं निम्मं तिथेच गमावलं. वर पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन नॉक करायला लागतं. अशानं पिस्टन गेला, तर बोनसच काय, दिवाळीही गेली. पंखा फिरवायची ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते, ते वेगळंच. म्हणून आधी बघायचं ते हे, की रेडलाइनला पंख्याचे फेरे त्याच्या कंपनीनं घालून दिलेल्या मर्यादेत राहतात का. मग इंटरकूलर, पेट्रोलचा पुरवठा आणि ईसीयूचं ट्यूनिंग. पुलीचा नंबर सगळ्यात शेवटी.

दुर्बीण मात्र झकास! प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या 14 खोडदच्या आसपास, बाकीच्या तीन दिशांना लांबवर गेलेल्या. आकाशातून येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात, म्हणून इथे मोबाइल बंद. (आपल्या गाडीच्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा रेडिओवाल्यांच्या दृष्टीनं गोंगाटच!) साहजिकच ऑर्डरचं बटण दोन तास लांबणीवर पडलं.

परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. बूस्ट शून्य. बऱ्याच वेळानं दोस्त म्हणाला, "पुली राहू दे यार. आधी आत जाणारी हवा किती तापते, ते मोजून बघतो."