दुबईत फ्लॅट घेताय? बिल्डरइतकीच आपली बँकही महत्त्वाची

मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शनं भरणं आता नेहमीचं झालं आहे. मोबाइलवरही त्याच जाहिराती दिसतात: दरमहा फक्त १ टक्का भरा, भाडं करमुक्त, वर गोल्डन व्हिसा. मुंबईतल्या टू बीएचकेच्या किमतीत दुबईत घर मिळतंय म्हटल्यावर अनेकजण तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळे होतात.

अशा वेळी पहिली भीती असते ती बिल्डर पळून जाण्याची. पण भारतात राहणाऱ्या ग्राहकासाठी त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. पैसे भारतातून कोणत्या वाटेने गेले?

दुबईत काय तपासायचं?

दुबईने २००२ मध्ये परदेशी लोकांना घरं विकत घेण्याची वाट मोकळी केली. २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत त्यांना पूर्ण मालकी मिळाली. २००८-०९ च्या मंदीत तिथल्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या आणि कित्येक प्रकल्प अर्धवट राहिले. त्यानंतर नियमांची अंमलबजावणी कडक झाली.

आज बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचे पैसे बिल्डरच्या साध्या खात्यात नाही, तर त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात जायला हवेत. दुबई लँड डिपार्टमेंटच्या ‘दुबई रेस्ट’ या ॲपवर प्रकल्पाची नोंद, काम किती टक्के झालं आणि एजंटचा परवाना पाहता येतो. फ्लॅट बुक केल्यावर ‘उकूद’ ही प्राथमिक नोंदणी होते. नोंदणी शुल्क किमतीच्या ४ टक्के आहे. ते आणि दरवर्षीचा मेंटेनन्स जाहिरातीतल्या आकड्यात बहुतेक वेळा नसतो.

थोडक्यात, दुबईतली तपासणी घरबसल्या होऊ शकते.

भारतातले नियम काय सांगतात?

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात घर घेता येतं. पण त्यासाठीचे पैसे बहुतेकांना रिझर्व्ह बँकेच्या ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’मधून, म्हणजे एलआरएसमधूनच पाठवावे लागतात. मर्यादा आहे माणशी, एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलर. नवरा-बायको मिळून ५ लाख डॉलर पाठवू शकतात, मात्र मग घर दोघांच्या नावावर हवं. आखातात नोकरी करणारे अनिवासी भारतीय तिथल्याच कमाईतून घर घेत असतील, तर त्यांना ही मर्यादा नाही.

वर्षाला १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की बँक वरच्या भागावर २० टक्के टीसीएस कापते. म्हणजे १ कोटी पाठवायचे, तर ९० लाखांवर १८ लाख रुपये आधी बाजूला काढावे लागतात. रिटर्न भरताना हा पैसा करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. शिवाय एलआरएसखाली असे पैसे पाठवण्यासाठी भारतीय बँका कर्ज देऊ शकत नाहीत.

लोक चुकतात कुठे?

पहिली चूक क्रेडिट कार्डची. कार्ड स्वाइप करून टोकन देणं सोपं वाटतं. पण आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड प्रवास, खरेदी अशा चालू खर्चासाठी असतं. घर घेणं हा ‘फेमा’ कायद्याच्या भाषेत भांडवली व्यवहार आहे.

दुसरी चूक चुकीचं कारण लिहिण्याची. बँकेच्या ए-२ फॉर्मवर ‘भेट’ किंवा ‘नातेवाइकांचा खर्च’ लिहून पैसे पाठवायचे आणि तिकडे फ्लॅट घ्यायचा, हे सरळ नियमाविरुद्ध आहे.

तिसरी आणि सर्वांत महागडी वाट हवालाची. ‘इथे रोख द्या, तिकडे दिरहम भरतो’ असं सांगणारे भेटतात. फेमाचं उल्लंघन सिद्ध झालं, तर रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. बेकायदा घेतलेल्या परदेशी मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातली मालमत्ताही ईडी जप्त करू शकते. म्हणजे दुबईच्या फ्लॅटपायी इथलं राहतं घर अडचणीत येऊ शकतं.

ताब्यानंतर काही वर्षं चालणारे हप्तेही तपासून घ्यायला हवेत. ते परदेशी कर्जासारखे धरले जाण्याची शक्यता असते. त्यामुळे बँक आणि सीए यांचं मत आधीच लेखी घेतलेलं बरं.

हप्ता थांबला तर?

इथे दोन्ही देशांचे नियम एकमेकांना भिडतात. समजा, कागद चुकीचे म्हणून भारतातल्या बँकेने मधेच पैसे पाठवणं थांबवलं. दुबईचा बिल्डर ते कारण ऐकून घेईलच असं नाही. तिथल्या कायद्यानुसार बांधकाम ६० टक्क्यांच्या पुढे गेलं असेल आणि ग्राहकाने हप्ते थकवले, तर ठरलेली प्रक्रिया पाळून बिल्डर करार रद्द करू शकतो. तेव्हा तो फ्लॅटच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. ही टक्केवारी भरलेल्या पैशांवर नाही, पूर्ण किमतीवर आहे.

दिरहम डॉलरला बांधलेला आहे. त्यामुळे रुपया घसरला की हप्ता आपोआप वाढतो. भावही कायम चढे राहतील असं नाही. फिच या पतमानांकन संस्थेने मे २०२५ मध्येच दुबईतल्या किमती १५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतात असं म्हटलं होतं.

‘करमुक्त भाडं’ खरंच करमुक्त?

दुबईत त्यावर आयकर नाही. पण भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर भरावा लागतो. गोल्डन व्हिसा मिळाला म्हणून कोणी आपोआप अनिवासी होत नाही. त्यासाठी वर्षातले किती दिवस भारतात राहिलात हे पाहिलं जातं.

आयकर रिटर्नमध्ये ‘शेड्यूल एफए’त फ्लॅट दाखवणं बंधनकारक आहे, भाडं येत नसलं तरीही. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण ती घर-जमिनीला लागू नाही.

म्हणून टोकन देण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: प्रकल्पाचा एस्क्रो खाते क्रमांक, सगळ्या हप्त्यांचं वर्षवार वेळापत्रक आणि ते हप्ते एलआरएसमध्ये बसतात असा आपल्या बँकेचा लेखी होकार. ‘ऑफर आजच संपतेय’ असं एजंट सांगत असेल, तरी या तीन कागदांसाठी चार दिवस थांबणं स्वस्त पडतं.