करंगळी तर भाजलीच नव्हती

स्टोव्हच्या भडक्यात खालांचा गळा, छाती आणि दोन्ही दंड भाजले. महिनाभर त्या पाठीवर पडून होत्या. जखमा भरल्या, घरी आल्या. चाळीसगावातल्या आमच्या गल्लीतले लोक भेटून गेले. अल्लाहचे शुक्र माना, जीव वाचला, असे म्हणाले. खरेच होते ते.

मग एका सकाळी वजू करताना खालांनी मला विचारले, "बेटा, पाणी गरम आहे का रे?" उजव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला काही कळत नव्हते. ती बोटे तर भाजलीच नव्हती! पुढे तव्याचा चटका बसून करंगळीला फोड आला, तोही दुसऱ्याने दाखवला तेव्हा समजला. हातातून कप निसटू लागले. घरात कुजबुज सुरू झाली, कामाचा कंटाळा म्हणून. एकीने तर महारोगाचा संशय घेतला.

भाजणे म्हणजे कातडी जळणे, एवढेच आपण धरून चालतो. पण शरीराचा पाचवा हिस्सा किंवा जास्त भाजला, किंवा विजेने भाजले, तर मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका बराच वाढतो. सूज त्यांना आतून दाबते, अंगभर उसळलेला दाह त्यांना बाधतो. कधी कारण अगदी साधे असते. वेदनेमुळे माणूस हलत नाही, कोपर आठवडेच्या आठवडे गादीवर टेकून राहते आणि तिथून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू चेपतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा चेपला, तर पाऊल लटके पडते, चप्पल पायात राहत नाही. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. कोपरापासून करंगळीपर्यंत म्हणजे वर्षभराची गोष्ट, म्हणून लवकर कळायला हवे.

महारोगाचा संशय घेणारी बाई एका अर्थी बरोबर होती. कुष्ठरोगातही बहुधा कोपराचा आणि गुडघ्याजवळचा हेच मज्जातंतू सापडतात. ते तपासायला बॉलपेनचे टोक पुरते: डोळे मिटा, कुठे टेकवले सांगा, करंगळी ताठ धरा. कुष्ठरोग शोधणारे आरोग्य कर्मचारी हे तालुक्यात वर्षानुवर्षे करत आले आहेत. मग भाजलेल्या माणसाला घरी सोडण्यापूर्वी हीच पाच मिनिटे का मिळू नयेत? बोट बधिर निघाले तर पुढची विजेची तपासणी मोठ्या दवाखान्यात होईल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचे नाव स्वतंत्रपणे आहे, ते हवेच. स्टोव्हने भाजलेल्या बाईला मात्र हात अधू झाल्याचे दाखवावे लागते. केसपेपरावर हाताची नोंदच नसेल तर ती काय दाखवणार?

आणि थोडे आपल्याबद्दल. भाजलेल्यासाठी आपण जकातीतून पैसे काढतो, ते ड्रेसिंगपर्यंत पुरतात. फिजिओथेरपीसाठी कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

खालांचे निदान व्हायला दीड वर्ष लागले. आता त्या लोट्यातले पाणी आधी डाव्या हाताने बघतात.