विनोदाला सवड द्या

12 सप्टेंबर 2025 रोजी ‘दशावतार’ प्रदर्शित झाला, तेव्हा दिलीप प्रभावळकर यांनी वयाची 81 वर्षे पूर्ण केली होती. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री त्यांनी उभा केला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. या चित्रपटाला घरेच्या घरे गेली. त्यात ज्यांनी त्यांना पहिल्यांदा चिमणराव म्हणून पाहिले असे आजी-आजोबा होते, ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला घाबरून वाढलेले आईवडील होते आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे भाग मोबाइलवर पाहणारी नातवंडेही होती. मराठीत तीन पिढ्यांना असे बांधून ठेवणारे नट फार नाहीत.

त्यांच्या कौतुकात बहुतेकदा एक गोष्ट मागे पडते. या कारकिर्दीचा पाया घरगुती विनोदी मालिकेत आहे. ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘हसवाफसवी’तल्या सहा भूमिका ही शिखरे सर्वांना दिसतात. पण मराठी माणसाच्या घरात त्यांना कायमची जागा मिळाली ती दोन मालिकांनी, आणि त्या दोन्हींच्या वेळी दूरचित्रवाणीने नटाला जी सवड दिली ती आजचे मराठी टीव्ही कोणालाच देत नाही. तक्रार आहे ती एवढ्याचसाठी.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची मालिका पडद्यावर आली. चिं. वि. हे पाली भाषेचे अभ्यासक, आयुष्याचा मोठा काळ बडोद्यात गेलेला. त्यांचा चिमणराव मराठी वाचकाच्या आधीच ओळखीचा होता, इतकेच नव्हे तर 1940 सालच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी रुपेरी पडद्यावरही आणली होती. म्हणजे प्रभावळकरांपुढे कोरी पाटी नव्हती. प्रत्येक वाचकाच्या मनात एक चिमणराव ठाण मांडून बसला होता आणि त्याच्याशी स्पर्धा करायची होती.

रसायनशास्त्र शिकलेला, औषध कंपनीत नोकरी करणारा हा तरुण नट तोवर प्रायोगिक आणि बालरंगभूमीवर घडला होता. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण त्यांचीच. चेटकीण करणाऱ्याला आवाज, पाठ, हात, चाल असे सगळे शरीर कामाला लावावे लागते, कारण समोर बसलेली मुले खोटेपणा लगेच ओळखतात. चिमणराव करताना मात्र हेच सगळे आवरून घ्यावे लागले. कॅमेरा हातभर अंतरावर आणि प्रेक्षक स्वतःच्या घरात, चहाचा कप हातात घेऊन बसलेला. तिथे भुवई जरा जास्त उडाली तरी खटकते.

प्रभावळकरांचा चिमणराव त्या मापात चपखल बसला. किरकोळ शरीरयष्टी, बारीक आवाज, वाक्य सुरू करतानाच अर्धे अवसान गळालेले आणि तरीही आपण काही कमी नाही हे दाखवण्याची धडपड. शेजारी बाळ कर्वे यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ. एक जण बोलून अडचणीत सापडायचा आणि दुसरा ती अडचण अंगबळावर निस्तरायला जायचा. ही जोडी इतकी जमली की पुढे याच दोघांना घेऊन चित्रपटही निघाला. बाळ कर्वे 2025 च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी आधी गुंड्याभाऊ आला आणि मग कर्वे. मालिकेतल्या नटाला असेही प्रेम मिळते, आणि त्याच प्रेमात त्याची बाकीची कामे झाकोळून जातात.

हा धोका प्रभावळकरांनी वेळीच ओळखला असावा. एक भूमिका गाजली की तशाच दहा भूमिका दारात उभ्या राहतात. आपल्याकडे विनोदी नटाला एका साच्यात बसवायची घाई निर्मात्यांना असते तशी प्रेक्षकांनाही असते. चिमणरावानंतर त्यांनी तो साचा पुन्हा पुन्हा मोडला. 1991 च्या ‘चौकट राजा’त त्यांनी बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू केला आणि त्याच्यावर कीव येईल असा एकही क्षण उसना घेतला नाही. 1993 च्या ‘झपाटलेला’त ते थेट तात्या विंचू झाले. ‘हसवाफसवी’त तर एकाच प्रयोगात सहा माणसे, त्यात थकलेला पण गाण्याची रग न सुटलेला कृष्णराव हेरंबकर. ते नाटकही त्यांनीच लिहिलेले.

त्यांच्या लेखनाकडे वेगळे लक्ष द्यायला हवे, कारण दुसरी मालिका तिथूनच आली. ‘गुगली’, ‘बोक्या सातबंडे’ अशी पुस्तके लिहिणाऱ्या प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’त ‘अनुदिनी’ हे सदर लिहिले. टिपरे नावाचे एक मध्यमवर्गीय कुटुंब आणि त्यातल्या प्रत्येकाची डायरी. आजोबांना जे कुरकुरण्याजोगे वाटते ते नातवाला गमतीचे वाटते, सुनेला त्यातून वेगळाच ताप होतो आणि मुलाला वाटते की घरात सगळे ठीक चालले आहे. घटना तीच, पण माणसागणिक ती बदलते. या कल्पनेवर केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिग्दर्शित केली आणि 2001 मध्ये ती अल्फा मराठीवर सुरू झाली.

आबा टिपरे करताना प्रभावळकर साठीच्याही आतले होते. राजन भिसे त्यांचा मुलगा शेखर झाले, शुभांगी गोखले सून श्यामला, विकास कदम आणि रेश्मा नाईक ही नातवंडे, शिऱ्या आणि शलाका. या मालिकेत कोणी कोणाला विष घातले नाही, कोणाचा स्मृतिभ्रंश झाला नाही, मालमत्तेसाठी कारस्थान झाले नाही. घरातल्या साध्या साध्या गोष्टींवर अख्खा भाग उभा राहायचा. मालिकेचे नाव आबांच्या नावावर असूनही प्रभावळकर पुष्कळदा बाजूला बसून राहत. बोलणारा दुसराच कोणी असे आणि आबा नुसते ऐकत असत. त्या ऐकण्यातच निम्मा विनोद होता. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत डोळ्यांत उमटणारा खट्याळपणा, मग तो लपवण्यासाठी चेहऱ्यावर आणलेला गंभीरपणा, आणि शेवटी फार तर दोन शब्द. मालिकेतल्या नटाचे कसब पाहायचे असेल तर त्याचे संवाद बाजूला ठेवावेत आणि दुसरा बोलत असताना तो काय करतो हे पाहावे.

असा अभिनय आपोआप होत नाही. टिपरे आठवड्यातून एकदा दिसत. त्यामुळे लेखकाला भाग लिहायला दिवस मिळत, नटाला वाचायला वेळ मिळे आणि दिग्दर्शकाला एखादा प्रवेश जमला नाही तर पुन्हा करून पाहता येई. रोजच्या मालिकेचे गणित निराळे आहे. दररोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर वाहिनीला द्यावाच लागतो. शिफ्ट बारा बारा तास चालते. भागांची ‘बँक’ संपत आली की सकाळी लिहिलेला प्रवेश दुपारी चित्रित होतो. नटाच्या हातात कागद पडतो आणि कॅमेरा लागलेला असतो. अशा वेळी नट जे हाताशी आहे ते वापरतो, म्हणजे ठरलेला सूर, ठरलेली मान आणि ठरलेला अश्रू. त्यात त्याचा दोष नाही. रडणे या घाईत कसेबसे निभावते, विनोद निभावत नाही. हशा येण्याआधीचा अर्धा सेकंद कमी-जास्त झाला तर अख्खे वाक्य वाया जाते.

मराठी वाहिन्यांवर विनोद उरलेलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘चला हवा येऊ द्या’ने 2014 पासून आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने 2018 पासून गुणी नटांची मोठी फळी पुढे आणली. पण प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि त्यातले पात्र तिथेच विरते. मालिकेतले पात्र प्रेक्षकासोबत वर्षानुवर्षे राहते. आबांचा स्वभाव माहीत झाल्यावर त्यांनी नुसते खाकरले तरी हसू येई, कारण त्या खाकरण्यामागे आधीचे कितीतरी भाग उभे असत. हास्यजत्रेतल्या नटांना असे दीर्घ आयुष्य असलेले पात्र मिळाले तर ते काय करतील, याची कल्पना करून पाहावी. ती संधीच आज कोणी देत नाही.

साप्ताहिक मालिका परवडत नाही, टीआरपी मिळत नाही, असे वाहिन्यांचे उत्तर असते. त्या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. सतीश शहा यांचे उदाहरण घ्या. 1984 च्या ‘ये जो है जिंदगी’त ते दर भागात नव्या रूपात येत. वीस वर्षांनी, 2004 मध्ये, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’त त्यांनी खोडकर इंद्रवदन केला. ती मालिका सुरू असताना टीआरपीच्या शर्यतीत मागेच राहिली. नंतर मात्र नव्या पिढीने ती इंटरनेटवर शोधून काढली, आणि 2017 मध्ये हॉटस्टारवर तिचे पुढचे पर्व आले. सतीश शहा ऑक्टोबर 2025 मध्ये गेले, तेव्हा सर्वाधिक आठवण निघाली ती त्याच इंद्रवदनाची. त्या काळात टीआरपीत वर असलेल्या किती रोजच्या मालिकांचे भाग आज कोणी मुद्दाम लावून पाहते? चांगल्या विनोदी मालिकेचे पैसे एका आठवड्यात वसूल होत नाहीत, पण ती वीस वर्षे चालते. ‘टिपरे’ने हेच मराठीत सिद्ध केले आहे.

प्रभावळकरांनी या माध्यमाकडून घेतले ते पुढे चित्रपटाला दिले. 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त मुन्ना ग्रंथालयात रात्रंदिवस वाचत बसतो आणि त्याला समोर गांधीजी दिसतात. तिथे गांधीजींचा पुतळा करणे सोपे होते. प्रभावळकरांनी घरातल्या वडीलधाऱ्यासारखा हळू बोलणारा, ऐकून घेणारा माणूस उभा केला. ज्याने आबा करताना वर्षानुवर्षे ऐकण्याचा अभिनय केला, त्याला मुन्नाचे ऐकून घेणारे गांधीजी सापडणे स्वाभाविक होते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

म्हणून दोन मागण्या. पहिली प्रसार भारतीकडे. ‘वेव्हज’ हा तिचा ओटीटी मंच नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झाला. मुंबई दूरदर्शनच्या संग्रहात ‘चिमणराव’चे जेवढे भाग जतन आहेत, तेवढे सगळे स्वच्छ करून, नामावलीसह एका जागी प्रेक्षकांसाठी खुले करावेत. वरळीच्या स्टुडिओत तयार झालेला तो ठेवा जनतेच्या पैशातला आहे.

दुसरी मागणी खासगी मराठी वाहिन्यांकडे. आठवड्यातल्या सगळ्या तासांतून शनिवारचा अर्धा तास काढावा. एक लेखक, सात-आठ नट, एक घर आणि सव्वीस भाग एवढे ठरवावे, भाग आधी लिहून घ्यावेत आणि सव्विसावा भाग झाला की थांबावे. मराठीत लिहिणारे आहेत, नट तर ढिगाने आहेत. पुढचा चिमणराव, पुढचे आबा त्यांच्यातच कुठेतरी आज पाहुण्या कलाकाराची दोन वाक्ये पाठ करत बसले असतील. त्यांना हा अर्धा तास द्या.