गुणी लेकरू

"मोठं गुणी लेकरू आहे वो बाई. रडत नाही, की त्रास नाही. पाजायलाही उठवावं लागते." भंडारा जिल्ह्यात लाखनी-साकोलीकडे बाळंतिणीच्या खोलीत आजीबाई असं कौतुकाने सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या सिस्टरने किंवा आशाताईने कान टवकारले पाहिजेत. न रडणारं, सारखं झोपणारं, दूध ओढताना दमणारं, घोगऱ्या आवाजाचं, बद्धकोष्ठ झालेलं, दोन आठवडे उलटले तरी कावीळ न उतरलेलं बाळ कधीकधी गुणी नसतं, आजारी असतं. त्याच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नसते. काही बाळांमध्ये ती ग्रंथी नसतेच, काहींमध्ये जागा सोडून भलतीकडे असते, तर काहींमध्ये जागेवर असूनही हार्मोन तयार करत नाही.

यातली खरी अडचण अशी, की यातली बहुतेक बाळं जन्मतः अगदी धडधाकट दिसतात. पोटात असताना आईचं हार्मोन वारेतून थोडंफार पोचत असतं, त्या शिदोरीवर पहिले दिवस निघून जातात. लक्षणं उमटेपर्यंत आठवडे जातात, आणि मेंदूची वाढ काही त्यांच्यासाठी थांबत नाही. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात. काही महिन्यांनी सुरू झालं तर उंची बरीचशी भरून निघते, गेलेली बुद्धी मात्र परत येत नाही. आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. पऱ्हे वेळेवर बांधीत गेले नाहीत, तर मागून कितीही खत ओता, पीक हातचं गेलेलं असतं.

घरोघर आयोडीनचं मीठ आलं, म्हणजे हा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. आयोडीन हा कच्चा माल आहे. कारखानाच नसेल, तर कच्चा माल कितीही पुरवून काय उपयोग?

भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा विकार असतो. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 12 लाखांचा होता. वर्षाला 15 हजार बाळंतपणं धरली, तरी दरवर्षी बारा-पंधरा लेकरांचा हा हिशोब आहे. पुढे शाळेत 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या पोरांत यातलं कोणी असेल, तर त्याची चूक एवढीच, की जन्मल्यावर त्याच्या टाचेतून कोणी दोन-चार थेंब रक्त घेतलं नाही.

ही तपासणी नवी नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ती 1970 च्या दशकात सुरू झाली. शेजारच्या गोव्याने 2008 मध्ये सरकारी खर्चाने नवजात बाळांची अशी तपासणी हाती घेतली. आपल्याच राज्यातल्या पालघरमधून फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत हा विकार आहे. मात्र सिकलसेल आणि थॅलेसेमियासोबत त्याच्यापुढेही 'ऐच्छिक' असा शब्द आहे. सिकलसेलच्या बाबतीत विदर्भाने तो शब्द मनावर घेतला नाही. गावोगावी रक्त तपासलं, कार्डं दिली. थायरॉइडच्या बाबतीतही तो शब्द खोडावा, एवढंच माझं मागणं आहे.

कसं करायचं, याचं उत्तर आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातच आहे. जन्मल्याबरोबर बाळाच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, आपोआप उसळतं, म्हणून टाचेचं रक्त 48 तासांनंतर घेतलेलं बरं. नेमकी तेव्हाच साध्या बाळंतपणाची बाई घरी निघालेली असते. नाळेच्या रक्तावरही तपासणी होते. पण ते राहून गेलं, तर पुढे काय? पुढे आशाताई आहे. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे ती तिसऱ्या दिवशी घरी येतेच. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुजवली. गावातल्या बायकांनी नवजात बाळांना जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं दिली. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. मलेरियासाठी बोट टोचून रक्त घेणारी आशाताई नर्सबाईच्या देखरेखीखाली टाचही टोचू शकते. अर्थात या कामाचा मोबदला वेगळा मिळाला पाहिजे. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक फुकटचं गाठोडं नको.

काम छोटं आहे, पण नाजूक. टाच आधी कोमट कपड्याने शेकायची. मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं, कारण मधे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दाबून-पिळून रक्त काढायचं नाही. गाळणकागदावरचा गोल एका बाजूनेच पूर्ण भिजवायचा, आणि कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा. पावसाळ्यात ओलाच पाकिटात घातला, तर नमुना वाया गेला. आईने त्या वेळी बाळाला पाजलं, तर त्याला कमी दुखतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. त्याचा पहिला अहवाल फसवू शकतो.

त्याहून मोठी अडचण आपल्या रीतीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. रक्त मोहाडीत घेतलं, अहवाल येईपर्यंत बाळ लाखांदूरला सासरी. म्हणून रजिस्टरमध्ये दोन गावं आणि दोन फोन नंबर हवेत. अहवाल आला पण बाळ सापडलं नाही, तर टोचलं कशाला?

निदान पक्कं झालं, की उपचार साधा आहे. लेव्होथायरॉक्सिनची रोज एक मात्रा; तीन किलोच्या बाळाला साधारण 30 ते 45 मायक्रोग्रॅम. गोळी दोन चमच्यांच्या मध्ये चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून लगेच पाजायची. आदल्या दिवशी कालवून ठेवायची नाही, लोहाच्या थेंबांसोबत द्यायची नाही. इथेच सिस्टरची खरी कसोटी लागते. बाळ बाळसं धरू लागलं, की घरचे म्हणतात, "आता बरं आहे, एवढ्याशा जीवाला रोज गोळी कायले?" ते बरं आहे ते गोळीमुळेच, हे त्या घराला पटवणं हीच बालपरिचर्या. तीन वर्षांनंतर काही मुलांची गोळी डॉक्टर थांबवून बघतात. ते त्यांनीच ठरवायचं.

तो 'ऐच्छिक' शब्द खोडला जाईपर्यंत बाळंतपण असलेल्या प्रत्येक घराने एक प्रश्न विचारावा: टाचेचं रक्त घेतलं का? टोचल्यावर लेकरू रडेल. रडू द्या.